बाईंचं निळं

उकळत्या रंगात बुडणाऱ्या सुताचा वास आला, की सोलापुरातला आमचा आठवीचा वर्ग माझ्याभोवती उभा राहतो. शाळेमागेच रंगखाना होता. बाकीचे शिक्षक नाकाला रुमाल लावून खिडकी बंद करत. इंग्रजीच्या बाई ती मुद्दाम उघडत. वाळत घातलेल्या सुताच्या लडी आम्हाला दिसाव्यात म्हणून.

मुली त्यांना ‘ब्लू बाई’ म्हणत. आभाळ ब्लू आहे, एवढंच कुणी लिहिलं की वही परत येई. ‘‘कसलं ब्लू? पहाटेचं? शाईचं? धुऊन धुऊन विटलेलं? अर्धा शब्द देऊ नकोस, बाळ.’’ मग आम्ही खिडकीशी उभ्या राहून उरलेला अर्धा शोधत असू.

त्या शब्दाचा ‘उदास’ हा अर्थ मात्र बाई परीक्षेपुरता, नाइलाजाने शिकवत. ‘‘साहेबाला निळं म्हणजे उदास. आमच्या वस्तीत निळं दिसलं की माणसाची मान वर होते.’’ जयंतीच्या मिरवणुकीत निळ्या साडीतल्या बाई पाहिल्या, की ते पटे.

एकदा त्याच अर्थाचं वाक्य त्यांनी मागितलं. पद्मा उठली आणि म्हणाली, ‘‘माय फादर इज ब्लू.’’ वडील रंगखान्यातून रोज कोपरापर्यंत निळे होऊन येतात, असा खुलासाही तिने केला. वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. ‘‘बरोबर हाय की,’’ एवढंच म्हणाल्या, आणि ते वाक्य दिवसभर फळ्यावर राहिलं.

गेल्या वर्षी मधुमेहाने त्यांचा एक डोळा विझवला. दुसऱ्याची शस्त्रक्रिया ठरली. बाई एकट्याच राहत, म्हणून सोबतीला मी होते. ‘‘माणसं आवाजावरून ओळखीन गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘रंगाला कुठं आवाज असतो?’’ पट्टी निघाली की आधी गच्चीवर न्यायचं, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

पट्टी निघाली. बाईंना काहीच दिसलं नाही. आता दिसणारही नाही, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं.

तरी संध्याकाळी मी त्यांना गच्चीवर नेलं. त्यांनी चेहरा वर केला आणि डोळे उघडे ठेवून वाट पाहिली. ती शांतता मला सोसवेना. मी सांगू लागले: पूर्वेला राख कालवलेलं निळं आहे, डोक्यावर जुन्या शाईचं, आणि पाण्याच्या टाकीमागे थोडं दुपारचं अजून उरलं आहे. एकेक छटा मी नेमकी करत गेले, त्यांनी शिकवली होती तशी. बाईंनी चाचपत माझा हात शोधला.

‘‘पुरे.’’