प्रथिनाची राखण

दानेश्वरीच्या तव्यावरची भाकरी नुकती फुगली आणि दार वाजलं. बाहेर शेजारचे चिंतामणीमामा, थर्माकोलचा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून.

"अक्का, फ्रीज चालू हाय न्हवं? कॉलेजातली लाईट गेलीय."

मामा मूळचे मैंदर्गीचे. बावीस वर्षं सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. डब्यात तिथल्या उत्कर्षा मॅडमनी आठ महिने खपून तयार केलेलं प्रथिन होतं. ते साखर फोडतं, त्यातून वीज निघते. त्या विजेवर परवा बोटाएवढा पंखा अकरा सेकंद फिरला. ती बातमी मामांनी गल्लीत अशी काही सांगितली, की एकीनं इन्व्हर्टर विकायला काढला.

"वीज करणाऱ्यालाच वीज लागते होय?"

"सध्या लागतीय की. लई नाजूक. तापलं तरी मेलं, गोठलं तरी मेलं. जावयावाणी."

"जावई परवडला मामा, तो दिवाळीलाच येतो."

मामांनी डबा मधल्या कप्प्यात ठेवला, फ्रीजला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि समोर स्टूल ओढून बसले. आठ महिन्यांची मेहनत आता त्यांच्या जिवावर होती.

तेवढ्यात सासूबाई, निंगव्वा, पूजा आटोपून आल्या. सोमवारचा उपास.

"दही काढ गं."

"अत्ती, कुलूप आहे."

"माझ्या दह्याला?"

"मीच घातलंय, अव्वा," मामा उठून उभे राहिले. "आत पंखा फिरवणारं प्रोटीन हाय. दार उघडलं की गारवा जातोय."

"मग फिरव की! घामानं न्हाले मी."

"अजून तेवढी ताकद न्हाय. दोन दिसांत थकतंय. मॅडम त्याच्याच मागं हायत्या."

"दोन दिवसांत थकणाऱ्याला आठ महिने? माझ्या पोराला नऊ लागले, तो पन्नास वर्षं चालतोय."

शेवटी मामाच उन्हात तीन घरं फिरून वाटीभर दही घेऊन आले. निंगव्वांनी चाखलं, आंबट म्हणून नाक मुरडलं आणि वाटी चाटून ठेवली.

चारला कॉलेजात लाईट आली, तसा मामांनी डबा रिक्षातून मांडीवर नेला. सहाला परत आले ते हसतच.

"जित्तं हाय, अक्का! मॅडमनी तपासलं."

दानेश्वरीनं चहाचा कप पुढं केला. मामांनी तो बशीत ओतला, एक घोट घेतला आणि घसा खाकरला.

"उद्याबी लाईट जाणार हाय म्हनं. तेवढा मधला कप्पा रिकामा ठेवा."