तांडेल आणि नवसाचा बोकड

भर चैत्रात महामार्गाच्या कडेला गुडघे टेकून डांबरावर तळहात ठेवणारा तो धिप्पाड म्हातारा पाहिला, की आमच्या पदयात्रेतले नवखे लोक हात जोडत. तांडेल रस्त्यालाही नमस्कार करतो, ही कथा त्यातूनच निघाली. ती खोटी आहे. बोकडाच्या पायांना रस्ता सोसेल की नाही, एवढेच तो पाहत असे. हात भाजला की कोणालाही न विचारता तो सावलीत बसे, आणि बोकडाने तोंड लावल्याखेरीज स्वतः घोटभर पाणी पीत नसे.

अंधेरीच्या आमच्या कोळीवाड्यातून दरवर्षी पालखी कार्ल्याच्या एकवीरा आईकडे चालत जाते. सोबत कोणाच्या ना कोणाच्या नवसाचा बोकड असतो. त्याची दोरी तांडेलाच्या हाती. होडीचा प्रमुख म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस. त्याचे खरे नाव वाड्यातही फारसे कोणी घेत नसे. मी कोकणातून आलेला शेजारी. तो मला ‘वकील’ म्हणे. कोर्टाची पायरी मी कधी चढलेलो नाही. पण खोटे ऐकून गप्प बसण्याची कला मला साधली नाही, हे त्याने अचूक हेरले होते.

त्याच्या शोकसभेत एका तरुणाने सांगितले, की तांडेलाने अखेरीस मांसमच्छी सोडली होती. मी उभा राहून ते खोडून काढले. दाराशी बोकड आणि ताटात सुके बोंबील, असा त्याचा संसार मी डोळ्यांनी पाहिला आहे. पोरे बोकडाला लाडाने हाका मारू लागली की तो दरडावी, “नाव ठेवू नका रे. मंग सुरी कोन धरनार?” जीव घेण्याबद्दल त्याचा वाद नव्हता. “आपल्या दोरीला हाय तवर त्याची भूक-तान बी आपली,” हे त्याचे सगळे तत्त्वज्ञान.

दुसरी कथा अधिक विषारी आहे: बोकड वाचावा म्हणून तांडेलानेच त्याचा पाय चिरला. मी तिथे होतो, सांगणारे नव्हते. त्याचा मुलगा हरेश वादळात बेपत्ता होऊन परतला होता. ‘पोर जितं आलं तर बोकड देईन,’ असा नवस तांडेल आईला बोलला होता. म्हणजे त्या वर्षी दोरीही त्याची आणि बोकडही त्याचाच. खोपोलीच्या अलीकडे, एका धाब्यासमोर, फुटक्या बाटलीची काच बोकडाच्या खुरात शिरली. अंगाला खोट आलेले जनावर देवीला चालत नाही, हे यात्रेत सर्वांना ठाऊक होते. तरी पालखीचे प्रमुख म्हणाले, “हळद भर आणि चल ना, तांडेल! आई काय खूर बघत बसते?”

“आईनं नाय बगला. मी बगलाय.”

“अरे, घाट चढला की झालं! तुझ्या पोराच्या जिवाचा नवस आहे तो.”

“नवस मी बोललो. यानं कशाला लंगडायचा?”

एवढे बोलून त्याने बोकड खांद्यावर घेतला आणि पाठ फिरवली. पालखी घाटाकडे गेली. परतणाऱ्यांत आम्ही दोघेच होतो.

‘दुसरा बोकड घे आणि मोकळा हो,’ असे वाड्याने सुचवून पाहिले. पण नवसाचे कुंकू याच्या कपाळी लागले होते. हा जिवंत असताना दुसऱ्याचा जीव घेणे तांडेलाला मान्य नव्हते. हरेश मात्र दुखावला. “बाबा, माझ्यापेक्षा बोकड मोठा झाला?” एवढे विचारून तो बायकामुलांसह दहिसरला राहायला गेला. पुढे वर्षभर त्या घरात मला बोकडाच्या रवंथाखेरीज आवाज ऐकू आला नाही.

पुढच्या चैत्रात तो पालखीच्या मागून, बरेच अंतर राखून, रिकाम्या हातांनी कार्ल्याला चालत गेला. सोबतीला मी. गाभाऱ्यासमोर तो बराच वेळ पुटपुटत राहिला. त्याने क्षमा मागितली म्हणतात, भांडला म्हणतात. म्हणणारे तेव्हा पायथ्याशी सरबत पीत होते. श्रावणात तो गेला.

बोकड आता माझ्याकडे असतो. आमच्या सोसायटीला ते मान्य नाही. मला सोसायटी मान्य नाही. बोलायला दुसरे कोणी उरलेही नाही. परवा हरेश आला. हातात फणसाच्या पाल्याची मोळी. बोकडासमोर ती ठेवून तो उंबऱ्यावरच बसला.

“वकीलकाका, बाबा आईपुढे काय बोलले? तुम्ही बाजूलाच होतात ना?”

त्याला हवे ते उत्तर मला दिसत होते, आणि ते देणे सोपे होते.

“तुझं नाव ऐकू आलं,” मी म्हणालो. “पुढचं घंटेत गेलं.”