किती कण राहिले?

लॅबमध्ये आम्ही धूळ साचू देत नाही, किस्से मात्र साचतात. रोह्याच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये तर निकालांपेक्षा किस्सेच जास्त! काम सांगायला सोपं. औषधाचे बारीक कण हृदयात पोचवायच्या तीन नळ्या, म्हणजे कॅथेटर. एक धमनीतून कण सोडते, दुसरी शिरेतून, तिसरी टोकाच्या सुईने थेट स्नायूत टोचते. कुठल्या नळीचे जास्त कण टिकतात ते मोजायचं. बाकीचे रक्ताबरोबर वाहून जातात.

*

सरावासाठी रबरी हृदय हवं होतं. मी पेणचा, म्हणून ते आमच्या नानांकडून करून घेतलं. नाना गणपतीचे मूर्तिकार. हृदय आलं, तिन्ही नळ्या सुळकन आत! लॅबच्या प्रमुख आमच्या मॅडम. त्यांना शंका आली. फोन लावला तर नाना म्हणाले, "आतून पन फिनिशिंग केलंय. पेणचा माल खडबडीत जायचा नाय!"

मॅडम म्हणाल्या, "नाना, आमचे पेशंट पेणला बनत नाहीत हो!"

*

मग बकऱ्याची हृदयं आणायला लागलो. रोज पाच. एकदा मॅडम स्वतः गेल्या, तर खाटीक काळजीने म्हणाला, "मॅडम, रोज एवढं खाऊ नका. हार्टला बरं नाय!"

मॅडम शुद्ध शाकाहारी.

*

एकदा सगळेच्या सगळे कण हृदयात राहिले! पेढे मागवणार तेवढ्यात कळलं, हृदयातून रक्त फिरवणारा पंपच बंद. रक्तच फिरत नव्हतं, तर कण जाणार कुठे? पंपाच्या प्लगला वसंतीमावशींचा मोबाईल लावलेला. मावशी जवळच्या वरसे गावातून झाडूपोछा करायला येतात. नवऱ्याचं हृदय अॅटॅकनंतर कमजोर झालंय, त्यामुळे फोन बंद पडलेला त्यांना चालत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक्स्टेन्शन बोर्ड आणला.

*

ह्याच मावशी रोज विचारायच्या, "आज किती राह्यले?" एकदा मी त्यांना तिन्ही नळ्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "वाहून जातंय तर पेरता कशाला? एकेक रोप हातानं लावा ना!" भात लावणाऱ्या बाईला जे दोन मिनिटांत कळलं, त्यावर आमची दोन वर्षं चालली होती.

*

शेवटी निकाल आला. सुईवाली नळी सरळ पुढे! आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशींनी पोछा खाली ठेवला.

"मग आमच्या ह्यांना कवा टोचायची?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. म्हणाल्या, "मावशी, आधी प्राण्यांवर, मग माणसांवर. खूप तपासण्या आहेत. दहा वर्षं तरी जातील."

मला मॅडमचा राग आला, खरं सांगतो. मावशींनी मात्र फडकं पिळलं आणि विचारलं, "ही दहा वर्सं रविवार धरून, का सोडून?"

"सोडून," मॅडम म्हणाल्या.

त्या रविवारी मी साडेआठला पोचलो. मॅडमची गाडी दारात उभी होती. आत लादी पुसून वाळलीसुद्धा होती.