पेनल्टी सीनियरच घेणार!

आमच्या स्वयंपाकघरात धुतलेल्या दुधाच्या पिशव्या साठतात ना, तसे माझ्याकडे मावळे फुटबॉल क्लबचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! गेल्या रविवारच्या मॅचनंतर तर फोनवर फोन. पुण्याहून बहीण, मुंबईहून नणंद, सगळ्यांना एकच हवं, "ती शेवटची पेनल्टी सांग!" सांगते. पण आधीचं ऐकल्याशिवाय त्या पेनल्टीत काही मजा नाही, तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

क्लब आमचा असा. अर्धे खेळाडू लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधले, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलेले आणि पोटं सुटलेले. अर्धे नोएडातले कॉम्प्युटरवाले, काटकुळे आणि झोप न झालेले. मी खेळत नाही. मी लाइनवर उभी राहून ओरडते, आणि ते खेळण्यापेक्षा जास्त मेहनतीचं काम आहे. आमचे हे, म्हणजे केळकर, लेफ्ट बॅक.

रविवारी काय पणाला लागलं होतं ते आत्ताच सांगून ठेवते. नोएडाच्या रविवार लीगमध्ये यंदापासून नवा नियम निघाला. जो संघ तळाला राहील तो बाहेर. आत यायला नव्या कंपन्यांच्या टीम्स रांग लावून उभ्या! आणि तळाला कोण? आम्हीच. शेवटची मॅच जिंकलो तर राहणार, बरोबरी झाली तरी घरी. आमच्या वयाच्या माणसांना दुसरी कुठली लीग घेणार होती? क्लब बंदच झाला असता. बाकीच्यांचं ठीक होतं, रविवारची झोप मिळाली असती. पण मुलाणी भाऊजींचं काय झालं असतं, तो विचारसुद्धा मला करवत नव्हता.

*

मुलाणी भाऊजी म्हणजे आमचे कॅप्टन. मूळचे कोल्हापूरचे, तिथे तालमीच्या टीमकडून खेळलेले. इथे एका मंत्रालयात कारकून. बदली होऊन दिल्लीला आले आणि बघतात तर काय, जिकडेतिकडे क्रिकेट! भाऊजींचा जीव गुदमरला. मग पठ्ठ्या क्वार्टर्समध्ये दारोदार फिरायला लागला.

गोडबोले साहेबांच्या दारात गेले तो प्रसंग माझ्यासमोरचा. साहेब अंडर सेक्रेटरी, आमच्या आवारातले सगळ्यांत मोठे अधिकारी. भाऊजींनी विचारलं, "साहेब, फुटबॉल खेळलाय का कधी?"

"नाही."

"पळता का सकाळचं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. पळत नाही."

"उंची?"

"सहा फूट."

"मग झालं की! गोलमध्ये उभं ऱ्हावा. पळायचं न्हाई, काय न्हाई. बॉल आला तर हात लावायचा, न्हाई आला तर निवांत आभाळ बघायचं."

साहेब तयार झाले. पहिल्याच मॅचला सात गोल खाल्ले. मॅच संपल्यावर ग्लोव्ह्ज काढत गंभीरपणे म्हणाले, "मुलाणी, आभाळ बघायला वेळच मिळाला नाही!"

*

पेनल्टी कोणी घ्यायची, यावरून पहिल्या वर्षी भांडण पेटलं. सरकारी माणसांचं भांडण म्हणजे आरडाओरडा नाही हं, फक्त जिन्यात समोरासमोर आले की एकमेकांकडे बघत नाहीत. टीम फुटायची वेळ आली. तेव्हा भाऊजींनी तोड काढली. ऑफिसात चालतं तेच इथे चालवायचं, सीनियॉरिटी! मैदानावर जो सगळ्यांत सीनियर, तो पेनल्टी घेणार. आधी सरकारी, प्रायव्हेटवाले सगळ्यांत शेवटी. मंडळी एका मिनिटात खूश. कोण कोणाला किती सीनियर, हे लक्ष्मीबाई नगरात पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं.

आता सगळ्यांत सीनियर कोण? गोडबोले साहेब. म्हणजे गोलकीपर! पेनल्टी मिळाली की साहेब आपला गोल सोडून निघायचे, हात पाठीमागे बांधून, मीटिंगला चालल्यासारखे. अख्खं मैदान पार करून पलीकडे पोचेपर्यंत दोन्ही टीम्स पाणी पिऊन घ्यायच्या. मग साहेब बॉल मारायचे. बॉल बारवरून थेट बांधकाम चाललेल्या सोसायटीत! आणि साहेब तसेच हात बांधून परत.

एकदा रेमंड भडकला. रेमंड डाबरे आमचा स्ट्रायकर, वसईचा, नोएडातल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "अहो काका, आमच्या कंपनीत जो चांगलं मारतो, तोच मारतो!"

साहेब म्हणाले, "म्हणूनच तुमच्या कंपनीत दर दिवाळीला नवी माणसं दिसतात."

सरकारी माणसांत भाऊजी सगळ्यांत ज्युनियर. त्यामुळे क्लब त्यांचा, कॅप्टन ते, आणि पेनल्टी? एकदासुद्धा नाही. मी एकदा त्यांना चांगलंच सुनावलं. तर मलाच समजावतात, "वहिनी, साहेब लोकांना मान मिळाला तर ते येत्यात. ते आले तर अकरा होत्यात. अकरा झाले तर मला खेळायला मिळतं." मी चहा दिला त्यांना.

पण सगळे निघून गेले, की हा माणूस रिकाम्या गोलवर एकटाच पेनल्टी मारत बसायचा. डावा कोपरा, उजवा कोपरा. एक चुकायची नाही. मी व्हॅनमध्ये बसून बघायची आणि मला त्या मेल्या सीनियॉरिटीचा इतका संताप यायचा!

*

आता आमच्या ह्यांचा किस्सा. घरचा आहे म्हणून सोडणार नाही.

फुटबॉलमध्ये एक जण बाहेर येतो, दुसरा आत जातो. साधी गोष्ट. पण आमचे हे सेक्शन ऑफिसर! चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, ही सवय. एका मॅचला ह्यांच्या पायात गोळा आला, त्यांच्या जागी इनामदार आत जाणार होते. तर हे लाइनवर उभं राहून त्यांना रीतसर चार्ज द्यायला लागले. "हा सात नंबर उजव्या पायाचा आहे. तो लांब केसवाला कोपर मारतो, त्याच्यापासून जपून. तिकडे खड्डा आहे, मागच्या रविवारपासून पेंडिंग." इनामदारही मान डोलवताहेत, मध्ये शंका विचारताहेत!

रेफ्री सोढीजी शिट्टी हातात घेऊन ताटकळले. शेवटी म्हणाले, "भाई साहब, विदाई समारोह है क्या? लड्डू मंगवाऊं?"

हे शांतपणे म्हणाले, "दो मिनट. अभी कॉर्नर किक का बाकी है."

*

रेमंडची कंपनी त्याला रविवारीही सोडत नाही. अमेरिकेतले क्लायंट झोपत नाहीत म्हणे. कंपनीने मोबाइल दिलाय, तो जवळ ठेवायलाच हवा, म्हणून तो मोज्यात खोचून खेळतो. एकदा कॉर्नर आला आणि नेमकी पायात रिंग वाजायला लागली. रेमंडने उडी मारली, हेडर, गोल! आम्ही सगळे नाचतोय, मी तर घसा फाटेस्तोवर किंचाळतेय, आणि हा गवतात बसून एका कानात बोट घालून फोनवर. मॅनेजरने विचारलं असणार, की मागे आरडाओरडा कसला?

रेमंड म्हणाला, "सर, सर्व्हर चालू हो गया. टीम बहुत खुश है!"

सोमवारी त्या मॅनेजरने अख्ख्या टीमला पिझ्झा खाऊ घातला. रेमंडने आम्हाला एक तुकडाही आणला नाही.

*

करोलबागच्या दुकानदारांची एक टीम आहे. धिप्पाड माणसं, जिभेला हाड नाही. हाफ टाइमला आम्ही तीन-शून्य मागे होतो. संत्र्याच्या फोडी खात त्यांचा कॅप्टन मोठ्याने म्हणाला, "मराठे हैं जी! पानीपत भूल गए क्या?"

दर जानेवारीत आम्ही बस करून पानिपतला जातो, काला अंबच्या स्मारकापुढे थंडीत कुडकुडत उभे राहतो. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. असल्या गोष्टीची टिंगल? मी पायातली चप्पल काढणारच होते, खरंच!

भाऊजींनी पाण्याची बाटली खाली ठेवली. म्हणाले, "भूले नहीं. हर साल जाते हैं. आप भी मत भूलना, उसके दस साल बाद हम दिल्ली वापस आए थे."

तो कॅप्टन दिलखुलास हसला आणि म्हणाला, "तो जी, दस साल बाद फिर मैच रख लेते हैं!"

"जल्दी रखना. दस साल में यहां बिल्डिंग खड़ी हो जाएगी."

मॅच आम्ही पाच-शून्य हरलो. पण त्या मॅचला आमच्याकडे आजही हार कोणी म्हणत नाही.

*

आता रविवार. ऐका.

समोर कॉल सेंटरवाल्यांची टीम. नवी कोरी जर्सी, पाठीवर नावं, स्वतःचा कोच, स्वतःचा डॉक्टर! आमच्या जर्सी मी धुतलेल्या, मूळच्या भगव्या, आता धड कुठल्याच रंगाच्या नाहीत. तरी खेळले हो आमचे लोक! रेमंडने पहिला गोल केला. मग त्यांनी एक केला, तो साहेबांच्या दोन पायांमधून गेला. साहेब म्हणाले, उन्हामुळे दिसलं नाही. आभाळ भरलेलं होतं. पण मी तुम्हाला सांगते, उन्हामुळेच!

एक-एक. वेळ संपत आलेली. भाऊजींचा चेहरा पांढराफटक. पळून पळून त्यांच्या तोंडाला फेस आला होता, तरी सगळ्यांना ओढत होते, "चला साहेब, चला की, अजून हाय वेळ!" मला रडू यायला लागलं होतं. आणि तेवढ्यात रेमंडला कॉल सेंटरवाल्यांनी गोलसमोर आडवा पाडला. सोढीजींची शिट्टी. पेनल्टी!

मी आनंदाने उडी मारली आणि पाय जमिनीला लागायच्या आत मला आठवलं. पेनल्टी घेणार कोण? मागे वळून बघते, तर गोडबोले साहेब गोलमधून निघालेसुद्धा होते. हात पाठीमागे.

नोएडावाल्यांनी डोकी धरली. रेमंड लंगडत माझ्याकडे आला, "काकू, तुम्ही तरी सांगा ना यार त्यांना!" मी काय सांगणार? नियम भाऊजींनीच घातलेला. त्यांनी नेहमीसारखा बॉल आपल्या शर्टाला पुसला, साहेबांसाठी नीट जागेवर ठेवला आणि मागे सरकून उभे राहिले. समोरचा गोलकीपर तर खांबाला टेकून हसत होता. साहेबांची कीर्ती लीगभर!

साहेब पोचले. बॉलकडे बघितलं. भाऊजींकडे बघितलं. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "मुलाणी, मी आज रजेवर आहे."

"म्हंजे, साहेब?"

"कॅज्युअल लीव्ह. आत्तापासून."

त्यांच्या खालोखाल सीनियर आमचे हे. साहेबांना एखाद्या रविवारी पडसं व्हावं, म्हणून किती वर्षं टपून बसलेला माणूस! हे पुढे झाले. झालं, संपलं सगळं, मी म्हटलं. माझा नवरा आहे, त्याचा पाय मला माहीत नाही? मी डोळे गच्च मिटले. तर ह्यांचा आवाज आला, "मीसुद्धा रजेवर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

मग इनामदार. "रजा." मग त्यांच्या खालचे. मग त्यांच्या खालचे. आणि गंमत बघा, रजेवर जाताना एकानेही नंबर मोडला नाही! जो तो आपापल्या सीनियॉरिटीने म्हणाला आणि दोन पावलं मागे झाला. बॉलजवळ भाऊजी एकटे राहिले.

सोढीजी वैतागले, "ओ जी, मारेगा कौन? शाम हो जाएगी!"

भाऊजी साहेबांकडे वळले. "साहेब, नगं. चुकलं तर?"

"चुकलं तर वरिष्ठ जबाबदार," गोडबोले साहेब म्हणाले. "मारा."

भाऊजींनी मारली. डावा कोपरा! तो खांबाला टेकलेला गोलकीपर टेकलेलाच राहिला. जाळी हलली, आणि मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण शेजारच्या सेक्टरमधून चौकीदार धावत आला म्हणे. सोढीजींनी शेवटची शिट्टी वाजवली. दोन-एक! राहिलो आम्ही लीगमध्ये! सगळ्यांनी भाऊजींना उचललं, गोडबोले साहेबांनीसुद्धा खांदा दिला, त्यांचे डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. भाऊजी वर बसून लहान मुलासारखे रडत होते, आणि खाली सगळे अधिकारी नाचत होते.

सोढीजी माझ्याजवळ आले. तिकडे बघत हळूच विचारलं, "मैडम, एक बात बताइए. इतने सारे अफसर, और सब के सब पीछे हट गए. ये जो ऊपर बैठे हैं, आपके सबसे बड़े साहब यही हैं क्या?"

मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "और नहीं तो क्या!"