मुंग्यांनी सोडलेली जवारी

माझी धाकटी जाऊ सत्यशीला म्हंजे डोक्याला ताप व्हता. सात वर्सं तिच्यासंगं एका अंगणात काढली, म्हणून बोलते. झाडायला निघाली की झाडणी हातात धरून उभीच. काय गं? तर म्हणे, “अक्का, ही चिमणी रोज याच भिंतीला चोच मारती. काय खात असंल?” आगं मारू दे की! तुझं काय जातंय? पण न्हाई. भिंतीची माती उकरून, चाटून पाह्यल्याबिगर तिला चैन पडायची न्हाई.

एकदा विहिरीच्या पाण्याला येगळाच वास येतो म्हणून तिनं साऱ्या वस्तीला तीन दिवस लांबच्या मळ्यातून पाणी वाह्यला लावलं. निघालं काय? सडलेला लिंबाचा पाला! बायांनी तिला असं फैलावर घेतलं की पुसू नका. तवापासून ती तोंड उघडायची अन् लोक हसायचे. सगळ्यात आधी मी.

त्र्याहात्तर सालची गोष्ट, दुष्काळातली. आमची वस्ती कुंभार पिंपळगावजवळची. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, तिथं मिळंल ती सुकडी खायची, अन् घरी रेशनची लाल मिलो. परदेशातली जवारी ती, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा. चौदा एप्रिलची जयंती आली तवा कडूबादादा म्हणले, “काई बी व्हवो, त्या दिवशी वस्तीतलं एक बी लेकरू उपाशी झोपणार न्हाई.” वस्तीत त्यांचाच शबुद चालायचा. वर्गणी काढून त्यांनी आठवडी बाजारातून जवारीचं पोतं आणलं. कोण्या अनोळखी गाडीवाल्याकडून स्वस्तात भेटलं. पोतं ठिवलं माझ्या घरात, कारण माझ्या दाराला कडी व्हती.

जयंतीच्या सकाळी बाया दळणाला जमल्या, तर सत्यशीला माझ्या उंबऱ्यापाशी उकिडवी बसलेली. पोत्याच्या भोकातून दाणे सांडल्ते, ते पाहून राह्यली व्हती.

“अक्का, दाण्यांना एक बी मुंगी न्हाई.”

“मंग आवतण धाडू का मुंग्यांना?”

“दुष्काळात त्या काई सोडत न्हाईत. अन् हे पाह्य, दाणा पांढरा, पण टोकाला गुलाबी.”

“मिलो मिसळली असंल.”

“मिलो सगळीच लाल असती. ह्याचा रंग धुतल्यावानी दिसतो.” तिनं दाणा हुंगला. “मी जालन्याकडं पेरणीच्या कामाला गेल्ते ना, तिथं बियाण्याला गुलाबी दवा चोळलेली असायची. मुकादम ओरडायचा, हात धुतल्याबिगर खाऊ नका, जहर हाये.”

पहाटेच मी त्या पोत्यातले चार मुठी दाणे काढून जात्यावर दळल्ते. माझी बेबीनंदा, चार वर्सांची, रातभर भुकेनं रडल्ती. तिला भाकर करून घातल्ती. साऱ्या वस्तीचं धान्य, अन् मी चोरलं व्हतं. सांगू कशी अन् कोणाला?

कडूबादादा तर भडकलेच. “पुन्हा विहिरीवानी करती का, सत्यशीला? जयंतीच्या दिवशी लोकांना काय मुंग्या खाऊ घालू?”

“दादा, मला बी खात्री न्हाई,” ती म्हणली. “एक घंटा द्या.”

लिंबाखाली मुंग्यांचं वारूळ व्हतं. तिनं तिथं दोन ढिगल्या मांडल्या. उजवीकडं पोत्यातली जवारी, डावीकडं तिच्या डब्यातली शेवटची मूठभर गावरान. सगळे गोल करून बसले. मी त्या मुंग्यांना मनातल्या मनात हात जोडले, खरंच सांगते. उचला गं बायांनो, उजवीकडचा एक तरी दाणा उचला!

मुंग्या डावीकडं गेल्या.

“तिकडं सावली हाये,” कडूबादादा म्हणले.

“बराबर हाये, दादा.” अन् ह्या बाईनं ढिगल्यांची अदलाबदल केली! मला तिचा गळा दाबावा वाटला. आता अजून किती तपासती? माझी पोर दारात बसल्ती. रोज बडबड करणारी पोर गप व्हती, पोटावर हात ठिवून.

मुंग्या गावरानीच्या मागं मागं उजवीकडं आल्या. शेजारच्या ढिगलीला वळसा घालून गेल्या. कडूबादादानं डोकं धरलं. “यातलं कोणी खाल्लं का?” सगळ्या बाया न्हाई म्हणल्या. मी बी म्हणले, न्हाई.

सत्यशीलानं माझ्याकडं पाह्यलं, मंग माझ्या चुलीकडं. आत गेली. तव्याला हात लावला, काठवटीच्या कडेचं पीठ बोटानं पुसलं. बाहेर येऊन माझ्या कानाशी लागली.

“अक्का, किती?”

का केलं म्हणून पुसलं न्हाई. किती, एवढंच.

“एक,” मी म्हणले.

“एक का दीड? नीट आठव.”

“एकच. कोर ठिवलीय तिनं.”

“कवा?”

“उजाडायच्या आत.”

तिनं बेबीला उचललं, मिठाचं पाणी पाजलं, घशात बोट घातलं. पोर ओकली, पुन्हा ओकली, मंग मान टाकली. कडूबादादा तिला खांद्यावर घालून पिंपळगावच्या डाक्तराकडं पळाले, मागून आम्ही दोघी. सत्यशीलानं मूठभर दाणे पदरात बांधून घेतल्ते, डाक्तराला दाखवायला. मी वाटंनं नुसती रडत व्हते.

दिवस मावळता बेबीनं डोळे उघडले अन् पाणी मागितलं. डाक्तर म्हणले, अजून थोडा येळ झाला असता तर हाती लागली नसती.

रातीला वस्तीनं ते पोतं खड्ड्यात पुरलं अन् जयंती सुकडीवर झाली. मंग कडूबादादानं पुसलंच, “पोरीच्या पोटात गेलं कसं?”

सगळे माझ्याकडं पाहून राह्यले.

“सांडलेले दाणे तोंडात घातले असतील,” सत्यशीला म्हणली. “लेकरूच ते.”

दादानं मान डोलावली, बायांनी बी. कोणी काई तपासलं न्हाई. सात वर्सांत तिचं बोलणं वस्तीनं पहिल्यांदा झटक्यात मानलं, अन् तेच तेवढं खोटं व्हतं.