पाहुण्यांसाठी पावरी

"साडी जरा वर नेसा मॅडम. तुमच्याकडं गुडघ्यापर्यंत नेसतात ना, तशी."

संस्थेचे सचिवसाहेब हे मला वर्गात म्हणाले. मुलींसमोर. मी ब्लडप्रेशर कसं बघायचं ते शिकवत होते. एका मुलीच्या दंडाला पट्टा बांधलेला, हवा भरलेली, ती तशीच राहिली. मुलगी "मॅडम, दुखतंय" म्हणाली तेव्हा मला भान आलं.

नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. मुंबईहून पाहुणे यायचे होते आणि त्यांना आदिवासी बघायचे होते. पांढऱ्या कोटात मी तशी दिसत नव्हते. मी मान डोलावली. कार्यक्रमाच्या दिवशी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून आले. माझी आई असंच नेसून चिखलात भात लावायची, तिला कधी लाज वाटली नाही. मला वाटली, कारण मला ते नेसवलं होतं.

आमचं कॉलेज पेठच्या पुढं डोंगरात आहे. सुरुवातीला ते भाताच्या गोदामात भरायचं. एका कोपऱ्यात वायरिंग, दुसऱ्यात शिवणकाम, मधे आम्ही रुग्णसेवा शिकणाऱ्या मुली. पोती सरकवायची, खाट टाकायची, एकमेकींना पेशंट करायचं. तेव्हा साहेबही आमच्यासोबत जमिनीवर बसून नागलीची भाकरी खायचे. मी पहिल्या तुकडीतली. पुढं नाशिकला हॉस्पिटलात काम केलं आणि इथंच शिकवायला आले. मग शेड झाली, वसतिगृह झालं, तीन मजली इमारत झाली. इमारत वाढत गेली तसे आम्ही आत बारीक होत गेलो. माझी नेमणूक दर एप्रिलात संपते. साहेबांच्या मनात असेल तर पुन्हा होते. त्यामुळं मी वर्षभर भिते, आणि होळी झाली की जास्त भिते.

साडीचं बोलले त्या दिवशी वर्गातून जाता जाता साहेब आणखी एक बोलले होते. "वडील पावरी वाजवतात ना तुमचे? त्यांना आणा. ते अंगात येतं ना तुमच्यात, ते दाखवू."

पावरी भोपळ्याची आणि शिंगाची असते, फुंकून वाजवायची. बा ती लग्नातही वाजवतो, त्याचं काही नाही. पण डोंगऱ्यादेवाची चाल वेगळी. ती आमच्याकडं मार्गशीर्षातच वाजते. व्रत धरलेले पुरुष अनवाणी राहतात, उपास पाळतात. ती चाल ऐकून त्यांच्या अंगात वारं येतं, आणि भगत ते उतरवतो. आता व्रत नाही, भगत नाही. कुणाच्या अंगात आलंच तर उतरवणार कोण? मी शिकलेली बाई. वारं खरं का खोटं, मला धड सांगता येणार नाही. भीती मात्र खरी आहे.

मला वाटलं होतं बा नाही म्हणेल. मग मी साहेबांना सांगेन, वडील ऐकत नाहीत. बा ओट्यावर बसला होता. मी त्याला साहेबांचं म्हणणं सांगितलं.

"वाजवीन मी. तुझी नोकरी नको जाया."

"आणि देव?"

"त्याला मी सांगीन काय सांगायचं ते."

हा माणूस उभं आयुष्य फक्त देवाला भ्याला. आता तो माझ्यापायी साहेबाला जास्त भीत होता. मला तिथंच धडकी भरली.

हॉलमध्ये पाहुणे खुर्च्यांवर, मागं सतरंजीवर मुलींचे आईबाप. बानं आधी लग्नाची चाल वाजवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब माईकवर वाकले. "काका, हे नको. अंगात येतं ते."

बानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यानं डोंगऱ्यादेवाची चाल धरली.

थोड्याच वेळात मागं एक माणूस कापायला लागला. माझ्याच एका विद्यार्थिनीचा बाप. डोळे फिरले, मान गरगरा फिरायला लागली, कपाळ फरशीवर आपटलं. पोरगी त्याला धरून रडत होती. पाहुणे उठून उभे राहिले. सगळ्यांचे मोबाईल वर. एक बाई म्हणाली, "किती ओरिजिनल आहे ना."

साहेब म्हणाले, "थांबू नका, काका."

बा थांबला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो वाजवत होता.

आमच्या घरात बायका पावरीला हात लावत नाहीत. माझे गुडघे लटलटत होते. लुगडं वर होतं म्हणून ते सगळ्यांना दिसतही होतं. मी पुढं गेले आणि बाच्या तोंडातून पावरी काढून घेतली.

"हा देव आहे, कार्यक्रम नाही. माझा बा वाजवणार नाही."

साहेब हसले. पाहुण्यांकडं बघत, मला ऐकू येईल इतकंच बोलले. "मॅडम, एप्रिल जवळ आलाय."

"माहीत आहे, साहेब."

मी त्या माणसाकडं गेले. लोकांना मागं सारलं, त्याला कुशीवर घेतलं, मोबाईल खाली करा म्हणून ओरडले. तो हळूहळू शांत झाला. माझ्यामुळं का आणखी कशामुळं, मला माहीत नाही.

आता गावात लोक म्हणतात, हिनं पावरी बाटवली. घरावर काही आलं तर माझ्यावर येणार. आणि साहेबांचा निरोप आहे, पाहुण्यांची माफी मागा, मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, मग नेमणुकीचं बघू.

बा म्हणतो, "माग ना माफी. काय जातं आपलं?"

आपलं काय काय गेलं, ते त्याला त्या दिवशी वाजवताना दिसलं होतं. म्हणूनच तर रडत होता. पण तो ते बोलणार नाही. भीती त्यानंच मला दिली, त्याला त्याच्या बापानं दिली. मी वर्गात ती पुढं देणार नाही.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाणार आहे. निरोप नाही, रेकॉर्डिंग नाही, समोर उभं राहून बोलणार. माझा आवाज कापेल, हे मला आत्ताच ठाऊक आहे. कापत्या आवाजातच सांगीन. माफी तुम्ही मागायची, साहेब. माझ्या बाची.