दामूकाकांनी उकळलेल्या प्लेट

दामूकाका सातपाटीचे कोळी, पण त्यांना बोट लागते. दोनदा मासेमारीला गेले, दोन्ही वेळा ओकत परत आले. मग त्यांनी बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी धरली. कपडे धुण्याच्या पावडरीत घालायचं एन्झाइम तिथे बनतं, आणि त्यासाठी जीवाणू वाढवतात. तिथल्या लॅबमधली काचेची भांडी काका बावीस वर्षं धुताहेत. बाजारात बोंबील विकताना जमनाकाकी गिऱ्हाइकालाही सांगायची, "आमचा नवरा दर्यावर नाय जात. बशा धुतो."

हेमाली त्यांची एकुलती एक. पालघरच्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकायची, आणि तिची मैत्रीण मी, कॉम्प्युटर. आईच्या खाऱ्या माशांच्या पिंपात एवढं मीठ असूनही मासा मऊ कसा पडतो, हा तिचा प्रश्न. मिठात जगणारा एखादा जीवाणू माशातली प्रथिनं तोडत असणार, आणि त्याचं एन्झाइम अजून कुणालाच माहीत नसणार, असं तिला वाटायचं. गेल्या दिवाळीत कॉलेजची लॅब बंद होती, म्हणून तिने पिंपातल्या पाण्यातला जीवाणू घरीच वाढवायचं ठरवलं. काकांनी कारखान्यातल्या, जीवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेट मागून आणल्या; कडा उडालेल्या, टाकून द्यायच्या. स्वतः घासल्या, पातेल्यात तासभर उकळल्या.

प्लेटमध्ये जे वाढलं ते तिने पुण्याला तपासणीसाठी पाठवलं. अहवाल यायच्या आत ती काविळीने गेली.

अहवाल माझ्याकडे आला. आम्ही दोघींनी एक मॉडेल बनवलं होतं. हजारो माहीत असलेली एन्झाइम वाचून ते शिकलं होतं; नव्या एन्झाइमच्या रचनेची अक्षरं दिली, की ते सात वर्गांपैकी कुठल्या वर्गातलं असेल याचा अंदाज सांगायचं. अहवालातलं जीवाणूचं नाव मला ओळखीचं नव्हतं; त्याच्या एन्झाइमची अक्षरं मी मॉडेलला दिली. उत्तर आलं: वर्ग तिसरा, म्हणजे पाण्याच्या मदतीने तोडणारा. खात्री नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के. ती म्हणाली होती तसंच! मी लगेच काकांना फोन केला.

"नवा हाय ना?" त्यांनी विचारलं.

"असणारच, काका."

"मग त्याला नाव देत असतील. हेमालीचा देता येल?"

दोन दिवसांत काकीने अख्ख्या मासळीबाजाराला सांगून टाकलं.

मला मात्र तो आकडा टोचायला लागला. अनोळखी एन्झाइम दिलं की आमचं मॉडेल चाचरतं, साठ-सत्तर टक्क्यांवर थांबतं. एवढी खात्री पाठ केलेल्या उत्तराचीच असते. ज्या यादीवरून त्याला शिकवलं होतं ती मी उघडली. तेच एन्झाइम त्यात होतं, अक्षर न् अक्षर. कपड्यांच्या पावडरीतलं. फोन करण्याआधी मी हे बघायला हवं होतं.

मी सातपाटीला गेले. काका ओट्यावर बसले होते.

"काका, ते नवं नाही. माहितीतलंच निघालं."

"कुठला जीवाणू?"

मला सांगायचं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा नाव घेतलं.

"तो तर आमच्या टाकीतला. बावीस वरसं धुतो मी त्याला. पिंपात कुठून येल तो?"

 मग त्यांनी हाताचे तळवे वर करून बघितले.

"उकळून मरत नाय तो," ते हळूच म्हणाले. "सायबांनी पयल्याच दिवशी सांगितलेला. तिकडे आमी प्लेट प्रेशरच्या भांड्यात घालतो. घरी मी पातेल्यात घातल्या."

"काका, तुम्ही तर मदतच..."

"तिला कळला असता?"

"अहवाल वाचल्या वाचल्या."

"मग वराडली असती मला. 'बाबा, तुमाला एवढा पण कळत नाय?'" ते हसायला गेले.

मी घाईघाईने म्हणाले, "पिंप आहे ना अजून? त्यातलं पाणी पुन्हा घेऊ. मी नव्या प्लेट आणते. तिचा खरा जीवाणू नक्की सापडेल."

"सापडंल बाय. हुशार हाय तू. पण तो तुला सापडंल, तिला नाय."

तेवढ्यात काकी बाजारातून आली. डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधीच तिने मला विचारलं, "काय गो, ठरला का नाव?"

मी काही बोलायच्या आत काका उठले आणि त्यांनी टोपलीला हात लावला.

"नाय ठरला," ते म्हणाले. "माझ्यामुळे."